धोरण आता रकान्यांत लिहिलं जातं

तुला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्यातला गुंता मला असा दिसतो: एकीकडे संस्कृती खात्याच्या धोरण विभागातली कायम नोकरी, दुसरीकडे एका संग्रहालयाच्या डिजिटायझेशन प्रकल्पातली दोन वर्षांची कंत्राटी जागा. घरच्यांचा कौल पहिलीला. तुझा ओढा दुसरीकडे, पण ‘धोरण शिकले आणि स्कॅनरपुढे बसले’ असं होईल का, ही धास्ती.

माझं मत दुसरीच्या बाजूनं आहे. सुरक्षिततेचा मुद्दा मी उडवून लावत नाही, त्यावर पुढे येतेच. पण तू ज्याला धोरण म्हणतेस आणि ज्याला स्कॅनिंग म्हणतेस, ती कामं आता एकमेकांपासून तितकी लांब राहिलेली नाहीत. संस्कृतीबद्दलचे बरेच निर्णय आज जिथे होतात तिथे मंत्री बसत नाहीत. तिथे बसतो नोंद भरणारा, करार लिहिणारा आणि कुठली गोष्ट आधी दाखवायची हे ठरवणारा.

जुनं सांस्कृतिक धोरण कशावर उभं होतं ते आधी बघ. ब्रिटनमध्ये १९४६ साली कलांना सरकारी पैसा वाटणारी आर्ट्स कौन्सिल आली, फ्रान्समध्ये १९५९ साली लेखक आंद्रे मालरो यांच्या हाती संस्कृतीचं वेगळं मंत्रालय आलं, आणि पुढे कितीतरी देशांनी यातलं काही ना काही उचललं. हत्यारं ठरलेली होती. नाट्यगृहं बांधा, संस्थांना अनुदान द्या, पुरस्कार द्या, वास्तू जपा, रेडिओ-टीव्हीवर आपल्या भाषेसाठी वेळ राखून ठेवा. या सगळ्यामागे गृहीत एकच, की जागा कमी आहे. रंगमंच मोजके, वाहिन्या मोजक्या, कपाटात मावतील तेवढीच पुस्तकं. सरकारनं ही जागा वाढवायची, नाहीतर नीट वाटून द्यायची.

आज जागेला तोटा नाही. गाणं, चित्रपट, हस्तलिखिताचं पान, सगळं कुठल्यातरी सर्व्हरवर मावतं. तोटा आहे तो सापडण्याचा. आणि ‘सापडणं’ हा विषय जुन्या हत्यारांच्या पेटीत नव्हताच.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण धोरण विभागात गेलीस तर पहिल्याच वर्षी तुला यावर टिपण लिहावं लागेल. फ्रान्सनं १९९४ साली कायदा केला, की रेडिओवर लागणाऱ्या गाण्यांत किमान ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतली हवीत, आणि तीही लोक खरोखर ऐकतात त्या वेळांत. शेवटची अट महत्त्वाची. ती नसती तर स्टेशनांनी सगळी फ्रेंच गाणी मध्यरात्रीनंतर उरकली असती. हा नियम चालला कारण रेडिओला घड्याळ असतं. तास मोजता येतात, कागद काढून तपासता येतात.

मग आले मागणीनुसार दाखवणारे प्लॅटफॉर्म. त्यांना घड्याळ नाही. युरोपीय संघानं २०१८ साली आपला दृकश्राव्य माध्यमांचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम, बदलला आणि सांगितलं, की अशा सेवांच्या कॅटलॉगमध्ये किमान ३० टक्के युरोपीय निर्मिती हवी आणि ती ठळकपणे दिसायला हवी. ऐकायला सोपं. पण ३० टक्के कशाचे? मिनिटांचे की शीर्षकांचे? मालिकेचे दहा भाग म्हणजे दहा की एक? २०२० साली युरोपीय आयोगाला खास मार्गदर्शक सूचना काढून सांगावं लागलं, की शीर्षकं मोजा आणि मालिकेचा एक हंगाम म्हणजे एक शीर्षक धरा. म्हणजे दीड तासाचा चित्रपट आणि दहा तासांचा हंगाम यांचं वजन सारखं. हे बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, पण बघ, संस्कृतीच्या वैविध्याचा एवढा मोठा प्रश्न शेवटी ‘एक म्हणजे किती’ इथे येऊन ठरला.

आणि ‘ठळकपणे’ हे तर त्याहून अवघड. तुझ्या पडद्यावर येतं ते माझ्या पडद्यावर येत नाही. प्रत्येकाचं मुखपृष्ठ वेगळं असेल तर तपासनीसानं कुणाचा पडदा बघायचा? रेडिओच्या काळात एक नोंदवही मागवली की काम भागत होतं. आता नियम पाळला गेला की नाही हे कळायला शिफारशी ठरवणारी यंत्रणा आतून बघावी लागते, आणि ती कंपनीचं व्यावसायिक गुपित असते. म्हणून काही सरकारं क्रमवारीच्या मागे लागण्यापेक्षा पैशाच्या वाटेनं जातात. फ्रान्सनं २०२१ साली परदेशी स्ट्रीमिंग सेवांना बंधन घातलं, की फ्रान्समध्ये मिळवलेल्या उलाढालीतला किमान २० टक्के भाग युरोपीय आणि फ्रेंच निर्मितीत घालायचा. कॅनडानं २०२३ साली आपल्या प्रसारण कायद्याच्या कक्षेत ऑनलाइन सेवा आणल्या. मला ही वाट जास्त प्रामाणिक वाटते. पैसा मोजता येतो. पण त्यातून निर्मिती होते, ती प्रेक्षकापर्यंत पोचते की नाही हा प्रश्न तसाच उरतो. म्हणजे आपण पुन्हा जुन्याच हत्याराकडे आलो, फक्त तिजोरी दुसऱ्याची.

युनेस्कोचा सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या वैविध्याबद्दलचा करार २००५ सालचा. तेव्हा आजच्या अर्थानं स्ट्रीमिंग नव्हतंच. २०१७ साली त्याला डिजिटल परिस्थितीसाठी कार्यपद्धतीच्या सूचना जोडल्या गेल्या. त्या वाच, भाषा रुक्ष आहे, पण कामाच्या आहेत. यापेक्षा जास्त वेळ त्यात घालवू नकोस.

आता तुझ्या रकान्यांकडे येऊ. तू लिहिलं आहेस, की प्रकल्पात तुझं मुख्य काम ‘मेटाडेटा एंट्री’ असेल, म्हणजे प्रत्येक वस्तूची माहिती तक्त्याच्या रकान्यांत भरणं. हे शब्द वाचून तुझा हिरमोड झाला हे मला ओळींमधून कळलं. माझं मत उलट आहे. नोंद हीच आता वस्तूची ओळख आहे. पूर्वी वस्तू दालनात ठेवलेली असायची, फलक चुकीचा असला तरी माणूस तिच्यापुढे उभा राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता. डिजिटल संग्रहात वस्तूपुढे उभं राहायची वाटच नोंदीतून जाते. ‘कर्ता’ या रकान्यात ‘अज्ञात’ लिहिलं, ‘भाषा’ हा रकाना रिकामा सोडला, ‘ठिकाण’ म्हणून सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा अधिकाऱ्यानं लिहिलेलं चुकीचं नाव तसंच उतरवलं, की ती वस्तू असून नसल्यासारखी. ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत मुख्य गायकाचं नाव असतं आणि साथीदार ‘व इतर’ मध्ये जातात. हे ‘व इतर’ कोण, हे सांगणारं माणूस अजून हयात असेल तर त्याच्याकडे जाऊन विचारणं हे तुझ्या कामात बसतं की नाही? कामाच्या वर्णनात बसत नसेल. तरी मी म्हणेन, जा.

याला पैशाची बाजूही आहे, आणि ती भावनिक मुद्द्यापेक्षा जास्त बोलकी आहे. डिजिटल संगीतात प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक सांकेतिक क्रमांक असतो आणि रचनेला दुसरा. हे दोन एकमेकांशी जुळले नाहीत, गीतकार-संगीतकाराची नावं चुकली, स्पेलिंग वेगवेगळं पडलं, की रॉयल्टी कुणाची हे कळत नाही आणि रक्कम पडून राहते. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानं यासाठी ‘द मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह’ नावाची संस्था उभी केली. २०२१ च्या फेब्रुवारीत डिजिटल संगीतसेवांनी तिच्याकडे अशी धनी न सापडलेली जुनी रॉयल्टी जमा केली, ती सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर निघाली. एका देशातली, रॉयल्टीच्या एका प्रकारातली ही रक्कम. यात लबाडी किती आणि निष्काळजीपणा किती हा वाद राहू दे. पण रकाना भरणं हे कारकुनी काम आहे असं कुणी म्हणालं, तर हा आकडा सांग.

संग्रह लोकांसाठी खुला करायचा का, हा प्रश्न तुझ्यासमोर लवकरच येईल. गेल्या काही वर्षांत मोठ्या संग्रहालयांनी यात धीटपणा दाखवला. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं २०१२ साली सव्वा लाख प्रतिमा लोकांना वापरायला मोकळ्या केल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ साली पावणेचार लाख प्रतिमांवरचे सगळे हक्क सोडून दिले. युरोपीय संघानं २०१९ च्या कॉपीराइट निर्देशात स्पष्ट केलं, की मूळ चित्र कॉपीराइटमधून बाहेर पडलं असेल तर त्याच्या हुबेहूब छायाचित्रावर नवा हक्क उभा राहत नाही. तरीही पुष्कळ संस्था जुन्या चित्रांच्या छायाचित्रांसाठी पैसे आकारतात. बहुतेक वेळा त्यातून मिळणारं उत्पन्न वसुलीच्या खटाटोपाला पुरत नसावं, असा मला दाट संशय आहे. ज्या वस्तू लोकांच्या पैशानं जपल्या आणि ज्यांचा कॉपीराइट कधीच संपला, त्या मोकळ्या असाव्यात. तुझ्या बैठकीत यावर कुणी मागेपुढे बघू लागलं, तर तू मोकळं करण्याच्या बाजूनं बोल.

पण सगळंच मोकळं नको. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगू समाजाबरोबर काम करताना ‘मुकुर्तू’ नावाची संग्रहप्रणाली घडली. तिच्यात कोणती वस्तू कुणी बघायची हे त्या समाजाचे स्वतःचे नियम ठरवतात. काही विधी फक्त स्त्रियांनी बघायचे, काही फक्त विशिष्ट कुळानं, मृत व्यक्तीचं छायाचित्र दाखवण्यापूर्वी सूचना द्यायची. कॉपीराइटच्या कायद्यात यातलं काहीही नाही. कायद्यानं ते जुनं छायाचित्र ‘मुक्त’ असतं, कारण ते काढणारा मानववंशशास्त्रज्ञ कधीच वारला. ज्यांचं छायाचित्र काढलं त्यांना तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आणि आता जगभर पाठवतानाही कुणी विचारत नाही. २०१९ साली मूलवासी समाजांच्या माहितीबद्दल ‘केअर’ या नावानं तत्त्वं मांडली गेली: लाभ समूहाला व्हावा, नियंत्रणाचा अधिकार त्यांचा असावा, जबाबदारी आणि नैतिकता पाळली जावी. मोकळेपणाचे कट्टर पुरस्कर्ते यावर नाक मुरडतात. मुरडू देत. संग्रहाच्या नोंदीत ‘वापराचे हक्क’ असा रकाना असतो, त्याच्या शेजारी ‘कुणाला विचारलं’ असाही एक रकाना असावा, असं मला फार वाटतं. कुठल्या मानकात तो आहे की नाही याची वाट बघू नकोस, तुझ्या प्रकल्पाच्या तक्त्यात टाकून दे.

यानंतरची गोष्ट सगळ्यात दुर्लक्षित आहे आणि म्हणून मी तिच्यावर थोडी रेंगाळणार आहे. डिजिटल केलं म्हणजे जपलं, असा एक समज मंत्र्यांपासून विश्वस्तांपर्यंत सगळ्यांत आहे. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजानं देशभरातल्या जमिनींची पाहणी करून नोंदी करवल्या. ती चर्मपत्रावरची वही आजही वाचता येते. तिला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीनं तसाच एक आधुनिक उपक्रम केला. दहा लाखांहून जास्त लोकांनी आपापल्या गावाबद्दल लिहिलं, छायाचित्रं पाठवली, आणि ते सगळं त्या काळच्या अत्याधुनिक लेझर डिस्कवर साठवलं गेलं. पंधरा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवून काढण्यासाठी संशोधकांना खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. चर्मपत्राला वाचायला डोळे लागतात. फाइलला यंत्र लागतं, ते चालवणारं सॉफ्टवेअर लागतं, वीज लागते आणि दर काही वर्षांनी ती दुसऱ्या साठ्यावर हलवणारा माणूस लागतो.

मायस्पेस या समाजमाध्यमानं २०१९ साली कबूल केलं, की सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत गेलं. पाच कोटींहून जास्त गाणी. त्यातल्या कित्येक तरुण कलाकारांकडे दुसरी प्रत नव्हती, कारण त्यांना वाटत होतं, चढवलं म्हणजे जपलं. ब्रिटिश लायब्ररीवर २०२३ च्या ऑक्टोबरात सायबर हल्ला झाला. मुख्य तालिका नुसती बघण्यापुरती परत यायला पुढचं वर्ष उजाडलं. लायब्ररीनं नंतर स्वतःच अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात मान्य केलं, की जुनाट प्रणालींमुळे सावरायला इतका वेळ लागला. एवढं मोकळेपणानं लिहिणाऱ्या संस्था विरळ, म्हणून तो अहवाल मिळवून वाच.

याची दुसरी बाजूही लपवत नाही. ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री जळलं. मूलवासी भाषांची ध्वनिमुद्रणं गेली, त्यांतल्या काही भाषा बोलणारं आता कुणी नाही. त्यांच्या प्रती दुसऱ्या गावी असत्या तर आज ऐकता आल्या असत्या. म्हणून स्कॅनिंग हवंच. माझा आक्षेप वेगळा आहे. घर बांधायला कर्ज मिळतं, झाडलोटीला मिळत नाही, तसं संग्रहांचं झालं आहे. स्कॅनिंगला प्रकल्प निधी असतो, उद्घाटन असतं, बातमी असते. पाच वर्षांनी फाइली तपासायला, स्वरूप बदलायला, दुसऱ्या ठिकाणची प्रत ताजी ठेवायला कुणी फीत कापायला येत नाही. तुझ्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तिसऱ्या वर्षानंतरच्या देखभालीची ओळ आहे का, हे रुजू होण्याआधी विचार. नसेल तर पहिल्या बैठकीत विचार. तुला नवीन म्हणून गप्प बसवतील, दुसऱ्या बैठकीत परत विचार.

ग्रंथालयांचंही असंच काहीसं झालं. पूर्वी ग्रंथालय पुस्तक विकत घेई आणि ते फाटेपर्यंत त्याचं असे. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशन कंपनीनं ठरवलं, की ग्रंथालयाला दिलेलं ई-पुस्तक २६ वाचकांकडे जाऊन आलं की परवाना संपेल, पुन्हा विकत घ्या. मालकी गेली, तिच्या जागी भाडं आलं. संसदेत यावर मतदान झालं नाही, एका कंपनीच्या अटींत एक आकडा बदलला. याला मी सांस्कृतिक धोरणच म्हणते, मग ते कुणीही लिहिलेलं असो.

आता तुझ्या पोटापाण्याचं. १९६६ साली विल्यम बोमॉल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी एक गोष्ट दाखवून दिली: कारखान्यात यंत्रामुळे माणशी उत्पादन वाढतं, पण चौघांनी वाजवायची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं आणि अर्धा तास लागत होता, आजही तेवढंच लागतं. बाकीच्यांचे पगार वाढतात तसा कलेचा खर्चही वाढतो, उत्पादन मात्र वाढत नाही. अनुदानाच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम युक्तिवाद. डिजिटल माध्यमामुळे तो निकालात निघाला असं काही जण म्हणतात, कारण एकदा वाजवलेलं आता कोट्यवधींना ऐकवता येतं. पण वाजवायला अजून चारच माणसं लागतात. वाढलं ते वितरण, आणि त्याचा फायदा वितरण ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे आधी जातो. स्पॉटिफाय या संगीतसेवेनं २०२४ पासून नियम केला, की एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळणार नाही. कंपनीचं म्हणणं असं, की अशा गाण्यांची रक्कम इतकी किरकोळ असते की ती कलाकाराच्या खात्यात पोचतही नाही. असेलही. पण कुठल्या भाषेतल्या, कुठल्या प्रकारच्या संगीताला हजाराचा उंबरठा ओलांडणं जड जाईल, याचा विचार तू कर.

कामाच्या तासांचा प्रश्न याच धाग्यातला. फ्रान्समध्ये अधूनमधून काम मिळणाऱ्या कलावंतांसाठी आणि तंत्रज्ञांसाठी बेरोजगारी भत्त्याची खास व्यवस्था आहे. बारा महिन्यांत ५०७ तास काम दाखवलं की भत्ता मिळतो. जगात याहून चांगली व्यवस्था फार थोड्या ठिकाणी असेल. पण आज कलावंताचा दिवस बघ. चित्रफीत कापणं, मथळे लिहिणं, प्रतिक्रियांना उत्तरं देणं, आकडे बघणं, पुन्हा काहीतरी चढवणं. हे काम आहे, आणि ते न केलं तर पुढचा प्रयोग मिळत नाही. पण कोणत्याही ५०७ तासांत ते धरलं जात नाही. ज्या श्रमाला धोरणात रकानाच नाही, तो फुकट जातो. आयर्लंडनं २०२२ साली दोन हजार कलावंतांना तीन वर्षं दर आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रयोग सुरू केला, तो मला आवडतो, आणि त्यातही निवडीची रीत जास्त आवडते. पात्र अर्जांतून चिठ्ठी काढावी तशी निवड झाली. कुठल्या समितीनं कुणाला मोठा कलावंत ठरवलं नाही, किती प्रेक्षक मिळाले हे विचारलं नाही.

करारांच्या बाबतीत २०२३ हे वर्ष लक्षात ठेव. अमेरिकेत पटकथालेखकांच्या संघटनेनं १४८ दिवस संप केला आणि अभिनेत्यांच्या संघटनेनं ११८ दिवस. वरवर तो पगाराचा संप दिसला. आत काय होतं ते बघ: एखादी मालिका स्ट्रीमिंगवर किती बघितली जाते हे कंपन्या सांगत नव्हत्या, त्यामुळे पूर्वी टीव्हीवर पुनःप्रक्षेपण झालं की मिळणारी रक्कम आता कशावर ठरवायची हेच कळत नव्हतं. माहिती मिळवणं ही मागणीच होती. लेखकांनी प्रेक्षकसंख्येवर आधारलेला बोनस मिळवला, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला लेखक म्हणून गणलं जाणार नाही हेही लिहून घेतलं. अभिनेत्यांनी आपल्या चेहऱ्या-आवाजाची डिजिटल प्रतिकृती करायची तर संमती आणि मोबदला हवा, हे मिळवलं. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातली रॉयल्टी सोडून देणारी सहीसुद्धा करता येऊ नये असं केलं. युरोपातल्या २०१९ च्या निर्देशात कलावंताला वर्षातून एकदा तरी हिशेब मिळाला पाहिजे, असं कलम आहे. हे सगळे कायदे एकच गोष्ट ओळखतात, की एकटा कलावंत मोठ्या कंपनीसमोर बसला तर तो सही करतोच.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल तू चार प्रश्न विचारलेस, मी एकाचंच उत्तर देते. युरोपीय संघाच्या त्याच २०१९ च्या कॉपीराइट निर्देशानुसार, व्यावसायिक कंपन्यांना ऑनलाइन मजकूर यंत्राला शिकवण्यासाठी गोळा करता येतो, हक्कधारकानं स्पष्टपणे मनाई केली नसेल तर. आणि ऑनलाइन ठेवलेल्या गोष्टींसाठी ती मनाई यंत्राला वाचता येईल अशा रूपात हवी. म्हणजे एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावरची एक छोटी तांत्रिक फाइल ठरवते, की तिथले हजारो लेख शिकवणीत जातील की नाहीत. ती फाइल कोण लिहितं? बहुधा बाहेरचा कंत्राटदार, कुणाला न विचारता. छोट्या भाषांसाठी हा निर्णय खरंच कठीण आहे. दार बंद केलं तर उद्याच्या यंत्रांना ती भाषा येणार नाही, आणि सताड उघडलं तर मोबदल्याचा आणि मानाचा हक्क सोडल्यासारखं होतं. यावर मला सोपं उत्तर सापडलेलं नाही, आणि ज्यांना सापडलं आहे असं ते सांगतात त्यांच्याकडे विकायला काहीतरी असतं. तुझ्या संग्रहालयात हा निर्णय निदान बैठकीत व्हावा, इतिवृत्तात लिहिला जावा, एवढं तू बघू शकतेस.

सुरक्षिततेबद्दल तुझ्या घरच्यांचं चुकत नाही. डिजिटल कामं प्रकल्पावर चालतात, प्रकल्प संपला की माणूस जातो, आणि त्याच्याबरोबर त्यानं कुठली फाइल का तशी ठेवली हेही जातं. संस्थांनी हे कायम पद म्हणून बघायला हवं. ते होईपर्यंत तुला स्वतःची काळजी घ्यावी लागेल. करारात तीन गोष्टी शोध. तू केलेल्या नोंदींवर आणि लेखनावर तुझं नाव येणार का. छायाचित्रकाराचं येतं, नोंदकर्त्याचं येत नाही, ही वाईट सवय आहे. मुदत वाढवायची झाल्यास किती आधी कळवतील. आणि कामाच्या वेळेनंतरच्या संदेशांचं काय. फ्रान्सनं २०१७ पासून संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला आहे. तुझ्याकडे तसा कायदा नसला तरी करारात एक वाक्य मागायला कायदा लागत नाही.

तिथे गेलीस की एक माणूस शोध. प्रत्येक जुन्या संग्रहालयात असतो किंवा असते: वीस-पंचवीस वर्षं नोंदवह्या सांभाळणारी व्यक्ती, जिला संगणकाचा कंटाळा आहे आणि जिला प्रकल्पाच्या बैठकीला कुणी बोलावत नाही. कुठली पेटी कुणाच्या घरून आली, कुठला क्रमांक दोनदा पडला, कुठल्या मूर्तीची नोंद दुसऱ्याच मूर्तीला लागली, हे तिच्या डोक्यात असतं आणि दुसरं कुठेही नसतं. तिच्याशेजारी टेबल माग. तुमच्या सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या प्रशिक्षणापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. आणि तिचं नावही नोंदकर्त्यांच्या यादीत घाल.

धोरण विभागाची जागा दोन वर्षांनी पुन्हा निघेल. तेव्हा तुला हे सगळं आतून माहीत असेल, आणि मुलाखतीत बाकीचे उमेदवार ‘डिजिटल युगातील संस्कृती’वर बोलत असताना तू शीर्षक कसं मोजायचं यावर बोलू शकशील.

कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. बौद्धिक संपदेचं कलम आणि मुदतीचं कलम मी आधी बघेन, बाकीचं तू बघ. संग्रहालय त्यांच्या नोंदींचा नमुना तक्ता द्यायला तयार असेल तर तोही जोड. कोणते रकाने बंधनकारक आहेत आणि कोणते रिकामे सोडता येतात ते मला बघायचं आहे.